तीन नंबरचा वॉर्ड आणि त्याच्या बाहेरचं गाव: जळीत पुनर्वसनाचं एक जुनं प्रकरण

जखम भरली, टाके निघाले, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं की पेशंट बरा झाला, असं आपल्याकडे अजूनही धरलं जातं. जळीत कक्षात फिजिओथेरपीचं काम करताना मला रोज याच्या उलट दिसतं. भाजलेल्या माणसाचा खरा झगडा बहुतेक वेळा घरी गेल्यावर सुरू होतो. कातडं आखडायला लागतं, खाज झोपू देत नाही, शेजारीण दारात येऊन बघून जाते आणि कामावर परत घेतील की नाही हे कोणीच सांगत नाही. म्हणून इथे एक जुनं, पण बारकाईने नोंदलं गेलेलं प्रकरण मांडते आहे. ते इंग्लंडमधलं आहे आणि युद्धातलं आहे. जळीत माणसाचं पुनर्वसन म्हणजे नेमकं काय काय, हे इतकं उघडपणे दाखवणारं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

दुखापत

१९४० च्या जुलै ते ऑक्टोबरमध्ये ब्रिटिश हवाई दल आणि जर्मन हवाई दल यांच्यात इंग्लंडच्या दक्षिण भागावर लढाई झाली. ब्रिटिशांची मुख्य लढाऊ विमानं दोन, हरिकेन आणि स्पिटफायर. दोन्हींत पेट्रोलची एक टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच होती. तिला गोळी लागली की ज्वाळा सरळ त्याच्या बसायच्या जागेत शिरत. डोक्यावरचं झाकण सरकवून, पट्टे सोडून बाहेर उडी मारायला जे काही क्षण लागत, तेवढ्यात व्हायचं ते होऊन जाई. नीट दिसावं म्हणून बऱ्याच जणांनी गॉगल कपाळावर सरकवलेला असे, बटणं नीट हाताळता यावीत म्हणून हातमोजे काढलेले असत. त्यामुळे अंगावरचा पोशाख थोडंफार वाचवी, पण चेहरा आणि दोन्ही हात जळत. पापण्या, नाक, ओठ, कान आणि बोटं. वीस-बावीस वर्षांची मुलं होती ही.

इतकी खोल आणि पसरलेली जळीत जखम झालेला माणूस त्याआधी फारसा वाचतच नसे. शिरेतून प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) आणि सलाइन देऊन शॉकमधून, म्हणजे अंगातलं पाणी जाऊन रक्तदाब कोसळतो त्या अवस्थेतून, बाहेर काढण्याचं तंत्र सुधारलं आणि माणसं जगायला लागली. जगल्यावर त्यांचं पुढे काय करायचं, हा प्रश्न मात्र वैद्यकाला नवाच होता.

हा प्रश्न ज्यांच्याकडे आला ते आर्चिबाल्ड मॅकिंडो. जन्म १९०० चा, न्यूझीलंडच्या डनेडिन शहरातला. प्लास्टिक सर्जरीत त्यांना आणलं ते त्यांचेच दूरचे भाऊ हॅरॉल्ड गिलीज यांनी. युद्ध सुरू झालं तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये पूर्णवेळ प्लास्टिक सर्जन चारच होते, त्यांतले हे दोघे. सप्टेंबर १९३९ मध्ये मॅकिंडो ससेक्स परगण्यातल्या ईस्ट ग्रिन्स्टेड या छोट्या गावी क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलात सर्जन म्हणून रुजू झाले. तिथली एक लाकडी बराक म्हणजे तीन नंबरचा वॉर्ड. हे प्रकरण त्या वॉर्डाचं आहे, आणि तितकंच त्या गावाचंही.

हात वाचवायचा म्हणजे काय

त्या काळी भाजल्यावर टॅनिक ॲसिड लावायची पद्धत होती. कातडी कमावायच्या धंद्यात वापरतात तेच. जखमेवर त्याची कडक, काळपट खपली धरते. पाण्याचा निचरा थांबतो आणि वरवर पाहता जखम कोरडी, आटोक्यात आल्यासारखी वाटते. पण बोटांवर ही खपली चढली की ती आवळत जाते. रक्तपुरवठा तुटतो, खाली पू साचतो आणि बोटं वाकलेल्या अवस्थेतच चिकटून जातात. पापण्यांवर लावली तर पापण्या ओढल्या जाऊन डोळा उघडाच राहतो. डोळा मिटला नाही की बुबुळ सुकतं, त्यावर व्रण पडतो आणि आगीतून वाचलेली दृष्टी उपचारात जाते.

मॅकिंडोंनी आलेल्या पेशंटांच्या हातांवरच्या या खपल्या काढून टाकल्या, आणि चेहऱ्यावर व हातांवर टॅनिक ॲसिड वापरणं बंद व्हावं म्हणून वरिष्ठांशी भांडून ते घडवून आणलं. त्याऐवजी त्यांनी कोमट मिठाच्या पाण्याचं टब-स्नान सुरू केलं. विमान पडून समुद्रात भिजलेल्या वैमानिकांच्या जखमा इतरांपेक्षा बऱ्या दिसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. टबात ड्रेसिंग आपोआप सुटून येई, ओरबाडून काढावं लागत नसे. मुख्य म्हणजे पाण्यात पेशंट बोटं हलवू शके. त्यावर व्हॅसलीन लावलेली जाळीची पट्टी, आणि जमेल तितक्या लवकर त्वचारोपण, म्हणजे अंगावरची दुसरीकडची कातडी काढून जखमेवर बसवणं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात डॉक्टरी बाजूने सर्वांत मोलाची गोष्ट हीच. रोपण किती सुबक झालं हे नंतरचं. आधी बोट हलतं ठेवायचं. आमच्या कामात एक गोष्ट नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावी लागते: पेशंटला ज्या स्थितीत बरं वाटतं, त्याच स्थितीत अंग आखडतं. गळा भाजलेल्या मुलीच्या डोक्याखाली तिची आई मायेने उशी सरकवते. मुलीला बरं वाटतं, मान पुढे झुकते, दुखणं कमी होतं. तीच उशी राहिली तर पुढे हनुवटी छातीला चिकटते, खालचा ओठ ओढला जातो, तोंड मिटत नाही, लाळ गळत राहते. मग त्यासाठी वेगळं ऑपरेशन. म्हणून आम्ही उशी काढून घेतो आणि खांद्याखाली चादरीची गुंडाळी देतो, मान मागे राहावी म्हणून. आई आमच्याकडे रागाने बघते. तिला हे समजावून सांगायला पाच मिनिटं काढणं हा उपचारच आहे, आणि गर्दीच्या वॉर्डात नेमका तोच राहून जातो.

टॅनिक ॲसिड गेलं, पण त्याची भावंडं आपल्या घरांत अजून आहेत. टूथपेस्ट, शाई, हळद, बटाट्याचा कीस. भाजल्यावर वाहत्या नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं आणि वर स्वच्छ कापड टाकून दवाखाना गाठायचा, इतकंच करायचं असतं.

चेहरा

चेहऱ्याचं काम वर्षानुवर्षं चाले. पापणीसाठी दंडाच्या आतल्या बाजूची पातळ कातडी घेत. नाकासाठी नुसती कातडी पुरत नाही, मांसल भाग लागतो आणि त्याला रक्तपुरवठा लागतो. त्यासाठी गिलीज यांनी पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, एक युक्ती काढली होती, तीही जहाजावर चेहरा भाजलेल्या एका खलाशासाठी. कातडीची लांब पट्टी दोन टोकांना अंगाला जोडलेली ठेवून मधला भाग नळीसारखा शिवून घ्यायचा. काही आठवड्यांनी एक टोक सोडवून मनगटाला किंवा वर कुठे शिवायचं, तिथे रुजलं की दुसरं टोक सोडवून आणखी पुढे. पोटापासून चेहऱ्यापर्यंतचा प्रवास असा टप्प्याटप्प्याने. तोवर माणूस हत्तीच्या सोंडेसारखी एक नळी चेहऱ्याला लोंबत असताना हिंडतो, जेवतो, झोपतो.

इथे पुण्याची आठवण येणं अपरिहार्य आहे. लंडनच्या एका मासिकात ऑक्टोबर १७९४ मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा बैलगाडीवान इंग्रज फौजेबरोबर असताना टिपूच्या कैदेत सापडला होता आणि तिथे त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळ वीटभट्टीवाल्यांच्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं, आणि इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं. ते वाचून लंडनचे सर्जन कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं, आणि युरोपातली नाकाची आधुनिक शस्त्रक्रिया तिथून पुढे सरकली. त्या कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑपरेशनांची संख्या वाढत जाई, आणि दोन ऑपरेशनांच्या मधे आठवडे-महिने नुसती वाट पाहायची. हा मधला रिकामा काळ म्हणजे पेशंटचं आयुष्यच, हे मॅकिंडोंनी ओळखलं.

वॉर्डातलं वागणं

तीन नंबरच्या वॉर्डात अधिकारी आणि साधे सैनिक शेजारीशेजारी होते. हुद्द्यानुसार खोल्या नव्हत्या. बिअरचं पिंप ठेवलेलं असे. काय करणार, का करणार, किती वेळ लागणार आणि काय जमणार नाही, हे पेशंटला स्पष्ट सांगत. ज्याला हवं त्याला दुसऱ्याचं ऑपरेशन पाहायला आत उभं राहू देत. आज आपण संमतीपत्रावर अंगठा घेतो आणि माहिती दिली असं समजतो, त्याच्याशी हे ताडून पाहावं.

युद्धात जखमी झालेल्या सैनिकांना दवाखान्यात निळा ढगळ पोशाख घालावा लागे. या वॉर्डाने तो नाकारला. हे वैमानिक आपल्या गणवेशात वावरत, गणवेशातच गावात जात. मला ही बाब फार मोठी वाटते. चेहरा ओळखीचा राहिला नव्हता, पण गणवेशाच्या छातीवरचं पंखांचं वैमानिकी चिन्ह शाबूत होतं. समोरच्याची नजर आधी कशावर पडावी, हे ठरवायला त्याने थोडा वाव मिळत होता.

२० जुलै १९४१ रोजी वॉर्डातल्या काही जणांनी एक मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं गिनी पिग क्लब, कारण गिनी पिग म्हणजे प्रयोगासाठी वापरतात तो छोटा प्राणी, आणि सर्जन आपल्यावर प्रयोग करतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पाय भाजलेला माणूस खजिनदार नेमला, म्हणजे तो पैसे घेऊन पळणार नाही. चिटणीस बोटं भाजलेला, म्हणजे इतिवृत्त लांबणार नाही. असं हसणं बाहेरच्याने केलं असतं तर क्रूर ठरलं असतं, त्यांनी स्वतः केलं म्हणून ते औषध झालं. युद्ध संपेपर्यंत सभासद ६४९ झाले. ब्रिटिशांबरोबर कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकियाचेही. पुढे पुढे लढाऊ विमानांपेक्षा बॉम्बफेकी विमानांचे लोक जास्त आले. युद्धापुरता काढलेला हा क्लब दरवर्षी जमत राहिला, थेट २००७ पर्यंत. साठ-पासष्ट वर्षं एकमेकांच्या लग्नांना, बारशांना, आजारपणांना उपस्थित राहणारी माणसं. आपल्या एकाही जळीत कक्षाच्या हिशेबात ही गोष्ट उपचार म्हणून मांडलेली मी पाहिलेली नाही.

पैसा आणि गाव

हवाई दलाचा नियम असा होता की नव्वद दिवसांत कामावर रुजू होण्याइतका बरा न झालेला माणूस सेवेतून कमी करायचा. ज्याची पहिली पापणी अजून व्हायची आहे तो नव्वद दिवसांत कुठून बरा होणार? मॅकिंडोंनी हा नियम या मुलांपुरता मोडीत काढायला लावला. उपचार चालू असेपर्यंत नोकरी आणि पगार चालू राहिला. ज्यांना उडता येणार नव्हतं त्यांना जमिनीवरची कामं मिळाली. हातांना सराव व्हावा आणि आपण उपयोगी आहोत हे कळावं म्हणून विमानाची उपकरणं जोडण्याचं काम त्यांच्यासाठी आणलं गेलं. पुढे हवाई दलाचा मदत निधी अनेकांच्या पाठीशी कायम उभा राहिला. बोटांच्या व्यायामाबद्दल मी कितीही बोलले तरी हे मान्य करावंच लागतं की माणसाला उभं करण्यात पगाराचा वाटा मोठा होता.

आणि मग गाव. मॅकिंडो आणि त्यांचे स्नेही घरोघरी गेले, ही मुलं जेवायला बोलवा म्हणाले, आणि लोकांनी बोलावलं. उपाहारगृहं, सिनेमा, दारूचे गुत्ते, चर्च, सगळीकडे ही मुलं दिसू लागली. टक लावून न बघणारं गाव अशी ईस्ट ग्रिन्स्टेडची ओळख झाली. ९ जुलै १९४३ रोजी याच गावातल्या सिनेमागृहावर बॉम्ब पडला आणि शंभरावर माणसं मेली. आगीचं दुःख गावाला मग पुस्तकातून कळायची गरज उरली नाही.

टक न लावणं हे चांगुलपणाने आपोआप येत नाही, ते सरावाने येतं. चेहरा दहा वेळा पाहिला की अकराव्या वेळी फक्त माणूस दिसतो. म्हणूनच पेशंटला घरात लपवणं, मग ते किती का मायेने असेना, त्याच्या मुळावर येतं.

या प्रकरणातलं जे खटकतं

कौतुक करून थांबणं योग्य नाही. मुलांचं मन रमावं म्हणून वॉर्डात देखण्या नर्सेस निवडल्या जात, आणि पेशंटांनी केलेली सलगी त्यांनी सहन करावी अशी अपेक्षा असे. पुरुषांचा आत्मविश्वास परत आणायची किंमत त्या तरुण बायकांनी मोजली, त्यांना विचारलं कोणीच नाही.

दुसरं, आधीच्या कामावर परतणं म्हणजेच पुनर्वसन, ही समजूत. या वॉर्डातले दोन वैमानिक घ्या. जेफ्री पेज ऑगस्ट १९४० मध्ये जळाला, हात परत कामाला लावून पुन्हा लढाऊ विमान उडवलं आणि म्हातारपणापर्यंत जगला. रिचर्ड हिलरी सप्टेंबर १९४० मध्ये जळाला, त्याला नव्या पापण्या, नवा वरचा ओठ मिळाला, पण हात पुरते आले नव्हते. तरी हट्टाने तो उड्डाणावर परतला आणि जानेवारी १९४३ मध्ये रात्रीच्या सरावात विमान कोसळून साथीदारासह गेला. ते विमान का पडलं याचा निवाडा मी करणार नाही. पण ज्या हातात ताकद नाही त्या हाताला आधीचंच काम द्यायचं की दुसरं शोधायचं, हा निर्णय पेशंटच्या जिद्दीवर सोडून चालत नाही, इतकं मी माझ्या कामात शिकले आहे.

तिसरं आणि सर्वांत मोठं. ही मुलं वीर होती. त्यांचा चेहरा पाहून लोकांना जी गोष्ट आठवे ती अभिमानाची होती.

आपल्या वॉर्डात

आमच्याकडे येते ती तरुण बाई. स्टोव्ह, चूल, गॅसची गळती, अंगावर नायलॉनची साडी. तिच्या चेहऱ्याची गोष्ट लोक कुजबुजत सांगतात. दाखल होताक्षणी पोलीस जबाब घेतात, आणि तो घ्यायलाच हवा, कारण कधी कधी खरोखरच कोणीतरी पेटवलेलं असतं. पण अपघाताने भाजलेल्या बाईलाही पुढे जन्मभर तोच प्रश्न चिकटतो: स्वतः घेतलंस की कोणी लावलं? तिला गणवेश नाही, चालू पगार नाही, आणि ज्या घरात भाजली त्याच घरात, त्याच ओट्यासमोर परत जायचं असतं.

तिच्या जगण्याची प्रत मोजायची साधनं आहेत. भाजलेल्या माणसांसाठीची एक प्रश्नावली जगभर वापरतात, तिच्या आटोपशीर रूपात चाळीस प्रश्न असतात: हाताची कामं, नोकरी, स्वतःचं शरीर, मनःस्थिती, नाती, शरीरसंबंध, उपचारांचा जाच. त्यात उष्णता सहन होते का, असाही एक भाग आहे. रोपण केलेल्या कातडीत घामाच्या ग्रंथी नसतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पाठ आणि छाती रोपण केलेली बाई, वर व्रण दाबून ठेवण्यासाठी दिवसाचे तेवीस तास घालायचा घट्ट कपडा म्हणजे प्रेशर गारमेंट, आणि समोर चूल. ती गारमेंट काढून ठेवते, तेव्हा आम्ही तिला निष्काळजी म्हणतो. कपडा ओला करून पंख्याखाली कधी बसता येईल, स्वयंपाक पहाटे उरकता येईल का, घरातलं दुसरं कोणी ओट्याशी उभं राहील का, हे तिच्या सासूशी बोलल्याशिवाय त्या महागड्या गारमेंटचा उपयोग होत नाही.

कायद्याने काही दारं उघडली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ॲसिड हल्ल्याचे बळी आहेत. आगीने भाजलेल्यांसाठी वेगळा प्रकार नाही. त्यांना हालचालीच्या अपंगत्वातून, आखडलेल्या सांध्याच्या टक्क्यांतून जावं लागतं, आणि ज्या बाईचे सांधे हलतात पण चेहरा गेला आहे तिच्या हाती फारसं काही लागत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या एका याचिकाकर्तीला कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवता येत नव्हती, म्हणून बँकेचं ऑनलाइन केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, होत नव्हतं. न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि केवायसीची पद्धत बदलण्याचे निर्देश दिले. पापणी मिटणं ही बाब १९४० मध्ये बुबुळाची होती, आज ती बँकखात्याचीही झाली आहे.

ईस्ट ग्रिन्स्टेडमधलं काय आपल्याला लगेच घेता येईल? माझं मत असं. सर्जन आणि शस्त्रक्रियागृह जिल्ह्याजिल्ह्यात उभं राहायला वेळ लागेल, पण पुढच्या गोष्टींना पैसा फार लागत नाही. जुन्या आणि नव्या जळीत पेशंटांची तपासणी महिन्यातून एकाच ठरलेल्या वारी ठेवावी, म्हणजे त्या बाकावर एकमेकींशी बोलतील. दोन वर्षांपूर्वी मान सुटलेली बाई आज मान आखडलेल्या बाईला जे सांगते ते माझ्या तोंडून पटत नाही. डिस्चार्जच्या आधी नवरा, सासू किंवा आई यांपैकी एकाच्या हातून मालिश, स्प्लिंट (सांधा सरळ धरून ठेवणारी पट्टी) बांधणं आणि ताणाचे व्यायाम करवून घ्यावेत, नुसता कागद देऊ नये. लहान मूल असेल तर शाळेत परतण्याच्या आदल्या आठवड्यात वर्गशिक्षकांना फोन जावा. आणि आशाताईंना गावातल्या अशा पेशंटची यादी द्यावी, कारण तपासणी चुकवलेली बाई का आली नाही हे तिच्या उंबऱ्यावर जाऊनच कळतं. बहुतेक वेळा कारण साधं असतं. एसटीचं भाडं बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं झालं आहे, पण बरोबर येणाऱ्या माणसाचा दिवसभराचा रोजगार बुडतो. तपासणी, फिजिओ आणि प्रमाणपत्राचं काम एकाच दिवशी उरकेल अशी व्यवस्था रुग्णालयाने केली, तर तीन खेपांची एक खेप होते, आणि ती एक खेप बहुतेक घरांना परवडते.